द. म.

१२ मार्च १९९६, मंगळवार. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शिवराम आवळे कापड पेठेच्या तोंडाशी गटाराच्या झाकणावर मांडी घालून बसले आणि उठायला नाही म्हणाले.

झाकण बिडाचं होतं, गोल, दोन फूट व्यासाचं. बाजूला नगरपालिकेची दोन माणसं पहारी घेऊन उभी होती, मागे ट्रॅक्टर चालूच होता. मी कॅमेरा घेऊन आलो होतो. अकरापैकी दहा झाकणं उचलून झाली होती. शेवटचं निघतानाचा फोटो मला गुरुवारच्या पानासाठी हवा होता.

"मामा, उठा," रज्जाक मुकादम म्हणाले. "ऊन लागंल."

"लागू दे."

"तिकडं कट्ट्यावर बसा की. सावली हाय."

"कट्ट्याखाली काय न्हाई. हितं हाय."

रज्जाक शेख आरोग्य खात्याचे मुकादम. गटारं उपसणारी टोळी त्यांच्या हाताखाली होती. शिवराम आवळे त्याच टोळीतून अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी कुरुंदगडची गटारं उपसली होती. सगळं खातं त्यांना मामा म्हणायचं, त्यामुळे रज्जाकना त्यांच्यावर ओरडता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

"जावयाला कायम करायचं म्हणून धरणं धरलंय काय मामा? तसं असलं तर साहेबांच्या दारात बसायचं. माझ्या हातात काय नसतंय."

"प्रल्हादाला कायम करू नगंस. त्याला हाकलून दे. मी पेढं वाटीन."

पहारवाले हसले. मामा हसले नाहीत. मांडीखालच्या लोखंडावर ते एका बोटाने काहीतरी गिरवत होते.

या झाकणांचा विषय मीच काढला होता. मी तेव्हा जिल्ह्याच्या दैनिकाचा कुरुंदगडचा बातमीदार होतो. संस्थानच्या काळात, १९३८ साली, गावात गटारं झाली, तेव्हा मुंबईहून झाकणं न मागवता ती गावातल्याच फौंड्रीत ओतून घेतली होती. एरवी ती फौंड्री नांगराचे फाळ आणि चरकाचे भाग करायची. तीनशेच्या वर झाकणं तिथे तयार झाली. प्रत्येकावर मधोमध 'कु. सं.' म्हणजे कुरुंदगड संस्थान, खाली साल, आणि भोवती पाय घसरू नये म्हणून उठवलेल्या ठिपक्यांच्या ओळी. अठ्ठावन्न वर्षं त्यांच्यावरून बैलगाड्या आणि ट्रक गेले होते. एकही तडकलं नव्हतं.

डिसेंबरात मी पायी फिरून ती पाहिली. फिरताना अकरा झाकणं वेगळी आढळली. त्यांच्यावर 'कु. सं.' नव्हतं. तिथे मोठ्या अक्षरांत 'द. म.' होतं. फौंड्रीत लाकडी साचे करणारा कारागीर दगडू मिस्त्री म्हणून गावात प्रसिद्ध होता. मिस्त्रीचा 'मि' हवा होता, पण वेलांटी झिजली असेल असं धरून मी दोन आणि दोन चार केले. रविवारच्या पुरवणीत पानभर लेख आला: कुरुंदगडच्या एका उपेक्षित कलावंताने अकरा झाकणांवर आपली सही ठेवली आहे.

लेखाआधी मी दगडू मिस्त्रीच्या नातवाला भेटलो होतो. अरविंद सुतार, एसटी स्टँडामागे लेथ चालवायचे. ते म्हणाले होते, "आजोबांचं नाव दगडू गोविंद सुतार. सही केली असती तर द. गो. सु. केली असती ना?"

"पण लोक मिस्त्रीच म्हणायचे," मी म्हणालो.

"लोक म्हणायचे. ते स्वतः कधी म्हणायचे नाहीत."

लेखात मी हे घेतलं नाही. लेख छापून आल्यावर अरविंदनी त्याला काचेची फ्रेम केली.

नगरपालिकेचं ते शताब्दी वर्ष होतं. नगराध्यक्षांना लेख आवडला. अकराही झाकणं काढून नव्या बागेच्या दर्शनी भिंतीत बसवायची आणि खाली संगमरवरी पाटीवर दगडू मिस्त्रीचं नाव घालायचं, असा ठराव झाला. मोकळ्या झालेल्या तोंडांवर सिमेंटची झाकणं टाकायची. त्याच निमित्ताने वर्षानुवर्षं न उपसलेली गटारंही साफ करायला घेतली. काम चार मार्चला सुरू झालं.

मी कॅमेरा गळ्यात अडकवून मामांजवळ उकिडवा बसलो.

"मामा, हे झाकण फेकून देणार नाहीत. बागेत लावणार आहेत. चांगलंच होतंय की."

"पेपरात तुमीच लिवलंसा न्हवं? मगदूम तुमी?"

"हो."

"नातीनं वाचून दाखवलं. दगडू मिस्त्रीचं नाव हाय म्हणं." ते पहिल्यांदा किंचित हसले. "दगडू मिस्त्रीला मी बघितलाय. त्यानं घराच्या दाराला बी नाव घातलं न्हवतं."

"मग हे काय आहे?"

त्यांनी मांडी थोडी सरकवली. अक्षरं उघडी झाली. "मला वाचता येत न्हाई. तुमाला येतंय. वाचा."

"द. म."

"मधी का थांबलासा?"

"ठिपका आहे."

"ठिपकं सगळीकडंच हायती. मोजा."

मी पाहिलं. ठिपक्यांच्या आडव्या ओळी काठापासून काठापर्यंत गेल्या होत्या. अक्षरं त्या ओळींच्या मधे बसवली होती. एक ठिपका 'द'च्या पायाशी येत होता, एक 'म'च्या. तसेच ठिपके अक्षरांच्या वरही होते, खालीही होते. 'कु. सं.' इतक्या वेळा वाचलं होतं की या दोन ठिपक्यांना मी पूर्णविराम समजलो होतो.

"सलग वाचा," मामा म्हणाले.

"दम."

"हां."

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. रज्जाक जवळ आले.

"आमच्यात कुणालाच वाचाय येत न्हवतं," मामा म्हणाले. "ही दोन अक्षरं तेवढी समद्यांना यायची. बोटानं. वर शेण असू दे, चिखल असू दे, बोटाला लागायची. बाकीची गटारं कंबरंएवढी. ह्याच्या खाली आड हाय. दोन पुरुस खोल. समदा गाळ वाहून त्यात पडतोय आन कुजतोय. पैल्या वर्साला तीन माणसं एका दिशी गेली. एक पडला, त्याला काढाय दुसरा, दुसऱ्याला काढाय तिसरा. मग सरकारांनी ही अकरा झाकणं येगळी पाडून घेतली. माझा बा होता त्या टायमाला."

"आणि दम म्हणजे?"

"दम धरायचा. झाकण काढायचं आन लांब बसायचं. भाकरी खायची. मग कंदील सोडायचा. कंदील जळत ऱ्हायला तर कंबरंला दोर बांधून उतरायचं. इझला तर त्या दिशी घरला जायचं. कुणी काय बी म्हणू दे."

मी रज्जाकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मघाचं काही उरलं नव्हतं.

"मला कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "मी अठ्ठ्याऐंशीला आलो. तवापास्नं हे आड उपसलेलेच न्हाईत. पैसाच येत न्हवता."

"आता उपसताय ना?"

"सिमेंटाची झाकणं पडलीत, म्हणून तिथनंच सुरुवात केली. सोपी पडतात उचलायला."

"आज टोळी कुठे आहे?"

"तिघं शनवार पेठंत. त्यांचं आज वरवरचंच हाय, रस्त्याकडंचं. दोघं मटण मार्केटच्या मागं."

"तिथे कोण?"

मामांनी मान वर केली.

"गणपा," रज्जाक म्हणाले. "आन प्रल्हाद."

मी डिसेंबरात फिरताना नोंदी केलेली वही काढली. क्रमांक चार. मटण मार्केटमागे, पिंपळापासून नऊ पावलं. खाली नंतरची नोंद: ७ मार्चला काढलं, सिमेंटचं बसवलं.

मी ते मोठ्याने वाचलं. मामा उठले. त्यांना उठायला वेळ लागला, गुडघे धरले होते. उभे राहिल्यावर त्यांनी झाकणाकडे बोट केलं आणि रज्जाकना म्हणाले, "तू बस हितं. मी येईस्तवर उठू नगंस."

मुकादम रज्जाक शेख भर पेठेत गटाराच्या झाकणावर बसले.

माझ्याकडे एम-एटी होती. मामा मागे बसले. कापड पेठेतून मटण मार्केट दीड किलोमीटर, एरवी पाच मिनिटांचा रस्ता. मंगळवारी कुरुंदगडचा आठवडी बाजार भरतो. चौकापासून पुढे रस्त्यावर दोन्ही बाजूंनी भाज्यांची पोती मांडली होती. मी हॉर्न वाजवत होतो आणि कोणी हलत नव्हतं. एक बाई म्हणाली, "लईच घाई असली तर उडून जावा." मामा उतरले आणि पायी पुढे झाले. हातांनी पोती बाजूला सारत ते चालत होते आणि मी गाडी ढकलत त्यांच्या मागे. त्या सगळ्या वाटेत ते एकच वाक्य बोलले. "त्यो दम्याचा हाय," म्हणाले. "शाळनला मी लगीन करताना सांगितलं हुतं."

शाळन त्यांची मुलगी.

आम्ही पोहोचलो तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

सिमेंटचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्याच्याजवळ दोन घमेली गाळ, ओला. गणपा लोंढे तोंडाच्या काठावर गुडघे टेकून आत वाकला होता. आम्हाला पाहून तो म्हणाला, "बोलंना झालाय. आत्ताच बोलत हुता. पायऱ्या लांब लागल्या म्हणाला, खाली गेला, दोन घमेली वर दिली. आता बोलंना झालाय." आणि त्याने एक पाय आत टाकला.

मामांनी त्याला मानेला धरून मागे ओढलं. तो पाठीवर पडला.

"दम," मामा म्हणाले.

"सोडा मला, पडलाय त्यो आत."

"दिसतंय मला."

"तुमचा जावई हाय मामा."

"ठाऊक हाय."

मी वाकून पाहिलं. कुजक्या अंड्यासारखा वास होता, पण मला वाटलं होतं तितका नव्हता. खाली अंधारात निळा शर्ट दिसत होता. तो अर्धवट बसल्यासारखा होता, डोकं भिंतीला टेकलेलं. मामांनी मलाही खांद्याला धरून मागे केलं.

मटणाच्या दुकानातून माणसं आली. सात-आठ जण जमले. कुणी म्हणालं दोर आणा, कुणी म्हणालं अग्निशामक बोलवा. दुकानातला एक दणकट माणूस शर्ट काढायला लागला. मामा गटाराच्या तोंडावर आडवे उभे राहिले.

"कोन उतरणार न्हाई," ते म्हणाले. "जो उतरंल त्याला बी वर काढाय लागंल."

"म्हातारा खुळा झालाय काय," कोणीतरी म्हणालं. "पोरगा मरायला लागलाय आत."

मामांनी मटण बांधायच्या रद्दीतला एक कागद मागितला. तो पेटवला आणि सुतळीला अडकवून आत सोडला. हातभर खाली गेल्यावर ज्योत लहान झाली, आणि विझली. त्यानंतर कोणी पुढे आलं नाही. शर्ट काढणाऱ्या माणसाने तो परत घातला.

"कुणाच्या घरात आड हाय?" मामांनी विचारलं. "बादली काढायचा गळ पायजे."

मुल्लांच्या घरात होता. गळ यायला चार मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होतो म्हणून मला माहीत आहे. त्या चार मिनिटांत मामा काठावर बसून राहिले. एका हाताने त्यांनी गणपाचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. गणपा रडत होता. मामा आत पाहत होते आणि मधूनमधून, कामावरच्या माणसाला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणत होते, "प्रल्हाद. आलो बग. प्रल्हाद."

गळ आला. पहिल्यांदा तो गाळात गेला. दुसऱ्यांदा घमेलं लागलं. तिसऱ्यांदा पँटच्या पट्ट्यात अडकला. पाच माणसांनी दोर ओढला. अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी प्रल्हाद वर आला. त्याचे डोळे उघडे होते. छाती हलत होती की नाही यावर तिथल्या माणसांचं एकमत नव्हतं. मला ती हललेली दिसली.

रिक्षाने त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मामा आत गेले नाहीत. ते पायरीवर बसले. मीही बसलो. साडेबाराला शाळन आली आणि त्यांच्याकडे न पाहता आत गेली. गणपाने तिला वाटेत सगळं सांगितलं होतं, कोणाला उतरू दिलं नाही हेसुद्धा.

एक वाजून पन्नास मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. प्रल्हाद बाबू सकट, वय एकोणतीस.

मामा म्हणाले, "तुमी आता बातमी देणार?"

"द्यावी लागेल."

"झाकणाचं बी लिवणार?"

"काय लिहू?"

"ह्या बारीला सलग लिवा."

चार वाजता मी पोस्टातून ट्रंक लावून बातमी सांगितली. सात परिच्छेद. सहाव्यात मी लिहिलं होतं की झाकणावरची अक्षरं सही नसून सूचना होती, ती सूचना वाचण्यात प्रस्तुत प्रतिनिधीची चूक झाली, आणि त्या चुकीच्या लेखावरून झाकणं हलवली गेली. पलीकडून उपसंपादकांनी सगळं लिहून घेतलं.

"सहावा गोंधळात टाकतोय हो," ते म्हणाले. "वाचकाला काय कळणार? गॅसने गुदमरून मृत्यू, एवढं पुरे आहे. आणि प्रस्तुत प्रतिनिधीची चूक वगैरे आपण छापत नाही."

"हे छापायला हवं."

"बघतो."

बुधवारी बातमी आली, पाच परिच्छेद. मी तीन वेळा पत्र पाठवलं. बावीस मार्चला सहाव्या पानावर, निविदांच्या खाली, शुद्धिपत्र आलं. माझ्याकडे कात्रण आहे. पूर्ण मजकूर असा: 'रविवार पुरवणीतील कुरुंदगडविषयक लेखात "द. म." असे छापले गेले आहे. ते "दम" असे वाचावे.'

कापड पेठेतलं झाकण जागेवर राहिलं. बाकीची दहा परत बसवायची असं नगरपालिकेने तोंडी मान्य केलं. ट्रॅक्टरवाल्यांनी ती उचलताना कुठलं कुठून काढलं याची नोंद ठेवली नव्हती. संस्थानचे गटारांचे नकाशे विलीनीकरणाच्या वेळी जिल्ह्याला गेले होते, तिथे सापडले नाहीत. पूर्वेकडची सहा ठिकाणं मामांना पायाला ठाऊक होती. ते चालायचे, थांबायचे आणि टाचेने खूण करायचे. पश्चिमेकडे दुसऱ्या टोळीचं काम असायचं, त्या टोळीतलं कोणी जिवंत नव्हतं. तिकडची ठिकाणं माझ्या वहीवर अवलंबून होती. तिथली तीन मिळाली.

क्रमांक नऊपुढे मी ठिकाण लिहिलेलं नाही. बातमी लिहिताना मी जागा आणि वेळ कधी सोडली नाही, पण हा लेख होता. नोंद एवढीच आहे: सर्वांत सुंदर. ठिपके शाबूत.

मी पश्चिमेकडच्या गल्ल्या किती वेळा फिरलो ते सांगत नाही. त्यानंतर तिकडचे रस्ते रुंद झाले, दोनदा डांबर पडलं, मग काँक्रीट झालं. सिमेंटची झाकणं सगळी सारखी. मामा पहिली चार वर्षं माझ्याबरोबर यायचे. शाळन त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. २००४ साली ते गेले. नववं झाकण बागेच्या भिंतीत आहे. खालच्या पाटीवर दगडू मिस्त्रीचं नाव आहे. ते काढा म्हणून अरविंद सुतारांनी दोनदा अर्ज दिला आहे.

यंदा जानेवारीत कुरुंदगडच्या जुन्या गटारांचं नूतनीकरण सुरू झालं. मी ठेकेदाराच्या इंजिनिअरला भेटलो. तरुण आहे, नीट ऐकून घेतो. त्याने वहीतल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला.

"काका, आता माणूस उतरवायचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "कायद्याने बंदी आहे. सगळं मशीनवर आहे."

काल सकाळी सव्वादहाला मी पुन्हा गेलो. मशीन शनिवारपासून दुरुस्तीला गेलं आहे. काम थांबलेलं नाही, हाताने चालू आहे. रस्त्यावर चार माणसं होती, चौघंही बाहेरगावची. त्यांच्याजवळ दोर होता, तो झाकण ओढायला आणला आहे म्हणाले. ठेकेदाराच्या मुकादमाने मला यादी दाखवली. पश्चिमेकडच्या एकशे अठरा झाकणांपैकी एकाहत्तर उघडून झाली आहेत, त्यांत आड लागलेला नाही.